भाद्रपद वद्याची मासळी

देवास, कार्तिक शुद्ध ११, शके १८२९

वाचनालयाचे चालक, धार, यांस,

आपले नाव ठाऊक नाही, म्हणून हुद्द्यालाच नमस्कार करतो.

मी उमाशंकर मोरोपंत, राहणार देवास संस्थान, थोरली पाती. आठ वर्षे मी कोकणात एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या समुद्रसंशोधन केंद्रात मदतनीस होतो. एक साहेब, एक मी, दोन खलाशी आणि शेदीडशे काचेच्या बरण्या, एवढाच आमचा संसार. भरती-ओहोटी मोजायची, मासळीची अंडी भिंगाखाली धरून त्यांची चित्रे काढायची, आणि वर्षाअखेर सारे छापून एक खंड काढायचा. असे आठ खंड निघाले. छातीच्या दुखण्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी थोरल्या भावाकडे परत आलो.

आमचे खंड एकतीस ठिकाणी जात. बहुतेकांकडून काहीच येत नसे. आपल्या धारच्या वाचनालयाकडून मात्र दर वर्षी मोडीत पोच यायची: "ग्रंथ पावला. साद्यंत अवलोकन करून परम संतोष जाहला." साहेबाला मी ती इंग्रजीत करून देत असे आणि तो ती मोठ्या अभिमानाने अहवालात घालत असे. आठही पोचा माझ्याजवळ आहेत.

आता साहेबाने विवरण मागवले आहे की खंड कोणी वाचले आणि कोणाच्या काय उपयोगी पडले. केंद्र राहायचे की जायचे, ते त्यावर ठरेल. तरी आपल्याकडे किती जण वाचतात, त्यांना काय आवडले, तेवढे कळवावे. खोटे वाढवून लिहू नये. थोडे असले तरी मला पुरेल.

आपला,
उमाशंकर

*

धार, कार्तिक वद्य ५

राजमान्य उमाशंकरपंत यांस, गणपतरावाचा रामराम.

हुद्द्याला केलेला नमस्कार मला पोचला. हे वाचनालय सरदार मानसिंगरावांच्या तीर्थरूपांनी काढले. वाडवडिलांचे कागद, पोथ्या आणि येणारी-जाणारी पत्रे मी एकोणीस वर्षे सांभाळतो. सरदार आता बहुधा इंदूरलाच असतात.

आपल्या खंडांना येथे सात वाचक आहेत. दत्ताजी म्हणून एक जुने जमादार आणि नारायणराव नावाचे पेन्शनर मास्तर, हे दोघे तर खंड आला की हातघाईवर येतात. बाकीचे पाच जण त्यांच्या मागून वाचतात. दत्ताजी विचारतात की ओहोटीला इतके पाणी जाते ते जाते तरी कुठे. मास्तरांची शंका अशी की मासा पाणी पितो किंवा नाही. सवड झाल्यास समाधान करावे.

गणपतराव

*

देवास, मार्गशीर्ष शुद्ध २

गणपतराव, तुमचे पत्र मी चार वेळा वाचले. सात म्हणजे फार झाले हो. मी मनात दोन धरले होते.

दत्ताजींना सांगावे की पाणी कुठे जात नाही, इकडून तिकडे सरकते. आपल्याकडे ओहोटी असते तेव्हा आणखी कुठे तरी भरती असते. चंद्र ते ओढतो. मास्तरांना सांगावे की समुद्रातला मासा पाणी पितो, नदीतला जवळजवळ पीत नाही. खुलासा सोबतच्या चार पानांत आहे. जास्त झाला असल्यास क्षमा असावी, पण इथे मला हे कोणी विचारीत नाही.

इथले काय सांगू. आठ वर्षे मासळी हाताळली म्हणून माझे पान स्वयंपाकघराबाहेर, ओटीवर मांडतात. इंदिरावहिनी वाईट नाहीत, वाढताना वर बघत नाहीत इतकेच. भाऊ म्हणतो, प्रायश्चित्त घे आणि मोकळा हो. मी म्हणतो, ज्याचे वाईट वाटत नाही त्याचे प्रायश्चित्त कसे घेऊ. संध्याकाळी टेकडीवर जातो, पश्चिमेला तोंड करून बसतो. गव्हाची शेते दिसतात.

उपयोगाचे म्हणाल तर एक सांगतो. मास्तरांना आवडेल. खंड तिसरा, पृष्ठ ४१ वरचा तक्ता माझा आहे. मासळी खाडीत शिरून अंडी केव्हा घालते त्या तारखा त्यात आहेत. त्यावरून सरकारने हुकूम काढला की ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर खाडीत जाळे टाकायचे नाही. सहा वर्षे तो पाळला जातो. माझ्या हातच्या एका पानाने एवढी मोठी खाडी महिनाभर शांत राहते, याचा मला अभिमान आहे. कोळी कुरकुर करतात. तुकाराम नावाचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, दर वर्षी दाराशी येऊन म्हणे, "रावसायबानू, म्हयनो चुकलो." मी त्याला खंड उघडून दाखवी. छापलेले बघून तो परत जाई.

उमाशंकर

*

धार, मार्गशीर्ष शुद्ध १५

तुमची चार पाने मी मोठ्याने वाचून दाखवली. दत्ताजींनी तर आमच्या मुंज तलावाच्या काठाला काठी रोवली आहे, चंद्र तलावाचे पाणी ओढतो काय ते बघायला. आठ दिवस झाले, काठी जिथल्या तिथे आहे. आज पुनव म्हणून ते पुन्हा गेले होते. एका म्हशीने काठी उपटली, त्यामुळे निकाल राहून गेला.

आता शंका जरा खोलातल्या आहेत. खंड पाचव्यात अंड्यांची चित्रे आहेत, त्यांत प्रत्येक अंड्यात तेलाचा एक थेंब दाखवला आहे. तो कशासाठी? आणि बारावे चित्र बाकीच्यांपेक्षा फिक्या शाईत आहे, ते का?

एक आपले सहज विचारतो. समुद्राचा आवाज सदोदित असतो म्हणतात. मग तिथून आलेल्या माणसाला देवासात झोप कशी लागते?

गणपतराव

*

देवास, पौष शुद्ध ३

गणपतराव,

तेलाच्या थेंबाने अंडे तरंगते, बुडत नाही. बारावे चित्र काढले त्या दिवशी माझी बायको वारल्याची तार आली होती. ती इथे देवासलाच होती. शाईत पाणी जास्त झाले आणि साहेबाने ते तसेच छापले. आजवर त्या चित्राविषयी कोणी विचारले नव्हते. तुमच्यापैकी कोणी विचारले ते कळवावे.

झोप लागत नाही, हे खरे.

मी ठरवले आहे. माघात थंडी ओसरली की टांग्याने इंदूर आणि तिथून धार. तुम्हा सात जणांसमोर बसायचे आहे. काही बोलणार नाही, नुसता बसेन. उतरायला एखादी धर्मशाळा बघून ठेवावी, माझ्या पानाची अडचण कोणाला नको.

उमाशंकर

*

धार, पौष शुद्ध १०

उमाशंकरपंत,

येऊ नका. म्हणजे जरूर या, पण आधी हे वाचा.

सात वाचक नाहीत. एकही नव्हता. दत्ताजी मला सुचले आणि मास्तर त्यांच्या सोबतीला घेतले. वाचनालयात सणावाराला झाडू मारायला जमुनाबाई येते, तेवढीच वर्दळ. पोचेचे म्हणाल तर तो आमच्या दफ्तराचा रिवाज आहे. ग्रंथ आला की "साद्यंत अवलोकन करून परम संतोष जाहला" असे लिहायचे, मग तो उघडलेला असो वा नसो. आंब्याची करंडी आली तर "अवलोकन" काढून "सेवन" घालतो. थोरल्या सरदारांनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवले. ते कोणी खरे धरील, धरून छापील, हे माझ्या स्वप्नातही आले नाही.

तुमचे पहिले पत्र आले तेव्हा आठही खंड फळीवर होते, पानांच्या कडा न कापलेल्या, तशाच. मला लाज वाटली. एवढ्या विनयाने विचारणाऱ्या माणसाला "कोणी नाही" असे कसे लिहायचे? म्हणून सात लिहिले. मग शंका लिहायला हव्यात म्हणून विळीने पाने कापली आणि शब्दकोश घेऊन बसलो. पहिला खंड निव्वळ थापेसाठी वाचला. दुसऱ्यापासून तसे राहिले नाही. काठी मीच रोवली होती. बाराव्या चित्राचे मीच विचारले. त्या उत्तरानंतर खोटे लिहिणे मला जमेना.

मी साठीचा आहे. घरी कोणी नाही. रोज दार उघडून बसतो आणि संध्याकाळी लावतो. माझ्या खोट्याला यापलीकडे सबब नाही.

गणपतराव

*

देवास, पौष वद्य ५

गणपतराव,

पत्र पावले.

राग आला होता, म्हणून आठवडाभर लिहिले नाही. आता तुमच्या कबुलीला माझी कबुली. केंद्र गेल्या वैशाखातच बंद झाले. साहेब विलायतेला गेला, बरण्या मिठाच्या व्यापाऱ्याने नेल्या. विवरण कोणी मागवले नाही. मलाच विचारायचे होते की कोणी वाचले का. तसे सरळ विचारायला धीर झाला नाही, म्हणून साहेबाला पुढे केले.

तेव्हा आपण दोघे एका माळेचे मणी. आता लिहिण्यासारखे काही उरले नाही. येत नाही.

उमाशंकर

*

धार, माघ शुद्ध ४

उमाशंकरपंत,

उरले आहे, म्हणून लिहितो. चार दिवस हे पत्र लिहावे की न लिहावे, यात गेले.

पौष वद्य नवमीला मानसिंगरावांच्या मातोश्रींचे श्राद्ध असते. त्याचे तीळ आणायला मी बाजारात गेलो. आमचा वाणी माळवी. मी म्हटले, पौष वद्य नवमीचे सामान दे. तो हसला. "पंतजी, पोस वदी तो कदी की निकलीगी, अबे तो माह वदी चाली री हे." हे दर वर्षीचे आहे. आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. पण वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्याहून एक पुढे असतो. आपला पौष वद्य, तो त्यांचा माघ वद्य. इथे राहणाऱ्याला हे पाठ असते, म्हणून कोणी त्याचा विचार करीत नाही. तीळ घेऊन घरी येता येता मला तुमचे पृष्ठ ४१ आठवले.

त्यात पहिल्या वर्षी, सन १८९९, "भाद्रपद वद्य ५" या तिथीसमोर तुम्ही २६ ऑगस्ट लिहिली आहे. मी श्राद्धांच्या जुन्या चोपड्या काढल्या. त्या साली आपला पितृपंधरवडा, म्हणजे भाद्रपद वद्य, सप्टेंबरच्या वीस तारखेला लागला. त्यातली पंचमी २४ सप्टेंबरची. सव्वीस ऑगस्ट ही माळवी लोकांची भाद्रपद वद्य पंचमी. तुमचा तांडेल कोकणातला, तो आपल्यासारखाच महिना मोजत असणार. तुम्ही देवासहून उज्जैनचे पंचांग बरोबर नेले होते काय? मग तक्त्यातल्या वद्य पक्षाच्या साऱ्या तारखा एक महिना आधीच्या आहेत.

माझेच चुकले असे निघाले तर मला फार बरे वाटेल. जन्मात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचले आणि त्यात हे सापडावे, याचे मला दुःख होते. पण न सांगावे तर मग वाचले कशाला?

गणपतराव

*

देवास, माघ वद्य ४

गणपतराव,

आधी आनंद झाला, हे कबूल करतो. पृष्ठ एक्केचाळीसपर्यंत कोणी तरी येऊन थांबले, बोट ठेवून वाचले. मग अर्थ डोक्यात शिरला.

ट्रंक उपसली. पंचांग तळाशी होते. उज्जैनचेच. पहिल्या वर्षी त्या दोन महिन्यांत मी तापाने पडून होतो. तुकारामाने तिथ्या सांगितल्या, मी त्या बरा झाल्यावर पंचांगावरून तारखांत बसवल्या. पुढची वर्षेही ताडून न पाहता त्याच अंदाजाने भरली. साहेबाला यातले काय कळणार. तांडेलाचे काही चुकले नव्हते, साहेबाचेही नाही. चूक एकट्या माझी.

तुम्ही कोकण पाहिले नाही म्हणून सांगतो. आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून ठेवलेल्या. कोळ्याच्या घरात तेव्हा खायला नसते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा आणि होडी लोटायची, या एका आशेवर ते दिवस काढतात. आणि नेमकी त्याच सुमारास आमची बंदी सुरू. सहा वर्षे मी त्यांच्या तोंडचा घास काढला. तोही फुकट, कारण मासळी अंडी घालायला यायची पितृपंधरवड्यात, तेव्हा जाळी मोकळी. तुकाराम दर वर्षी दाराशी येऊन खरे सांगत होता आणि मी त्याला माझेच पुस्तक दाखवत होतो.

भाऊ प्रायश्चित्त घे म्हणतो ते आता पटते. फक्त ते भटजीसमोर बसून व्हायचे नाही.

जिल्ह्याच्या साहेबाला अर्ज केला आहे. वैद्य म्हणतात, समुद्राची हवा तुमच्या छातीला चालणार नाही. बघू.

उमाशंकर

*

धार, ज्येष्ठ शुद्ध ८, शके १८३०

उमाशंकरपंत,

तुम्हाला देवासला तीन पत्रे टाकली. शेवटी तुमच्या बंधूंचे उत्तर आले की तुम्ही चैत्रात कोणाला न विचारता निघून गेलात. पत्ता त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून हे बंद पडलेल्या केंद्राच्या नावाने टाकतो. तिथे दार उघडायला कोणी नसेल, पण टपालवाला तर असेल.

मी आठवा खंड संपवला. आता पुन्हा पहिल्यापासून घेतला आहे. शंका पुष्कळ आहेत, विचारायला तुम्ही नाही. जमुनाबाईला मी विचारले, मासा पाणी पितो का. ती म्हणाली, "भिया, तम घरे जाओ, आराम करो." घरी तरी काय आहे.

ती चूक दाखवून मी तुम्हाला दुखण्यातून उठवले आणि समुद्रावर धाडले, असे सारखे वाटते. जिवंत असाल तर एक ओळ पाठवा. रागावला असाल तर रागाची पाठवा.

गणपतराव

*

खाडीच्या तोंडाशी, श्रावण वद्य १२ (आपला श्रावण), शके १८३०

गणपतराव,

तुमचे पत्र टपालवाल्याने दोन महिने आपल्या खोपटात जपून ठेवले होते. परवा दिले.

जिवंत आहे, रागावलेलो नाही. अर्जाला उत्तर आले नाही, म्हणून स्वतः आलो. कचेरीत म्हणाले, चूक छापून आली आहे तर दुरुस्तीही छापूनच हवी. केंद्र बंद, छापणार कोण? शेवटी एक पान मीच छापून घेतले, खाली सही केली. एकतीस ठिकाणी पाठवले आहे. तुमचे सोबत आहे, खंड तिसऱ्यात घालावे. चूक कोणी काढली तिथे तुमचे नाव आणि "धार" असे घातले आहे. विचारले नाही, क्षमा असावी. आषाढात हुकूम बदलला. बंदी आता पितृपंधरवड्यात आली आणि यंदा नारळी पौर्णिमेनंतर जाळी मोकळी झाली.

मग तुकारामाकडे गेलो. सगळे सांगितले, काही राखले नाही. शिव्या खायची तयारी होती. तो जाळे विणत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "म्हयनो बरोबर केलास, बरा झाला. पन झील गेलो गिरणीत. तो काय म्हयन्यासारखो मागे येवचो नाय." त्याचा एकुलता मुलगा बंदीच्या चौथ्या वर्षी घरात काही नव्हते म्हणून मुंबईला गेला. सुरुवातीला पत्र यायचे, आता येत नाही. म्हाताऱ्याला आता खाडी मोकळी आहे आणि होडी लोटायला माणूस नाही. ती एकट्याने लोटवत नाही.

तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने मला दोर धरायला सांगितले.

गणपतराव, आठ वर्षे मी समुद्रावर लिहिले आणि समुद्रात कधी गेलो नव्हतो. काठावरून काठी लावून मोजत होतो, तुम्ही तलावावर केलेत तसेच. आता रोज जातो. वल्हे मारवत नाही, दम लागतो. सुकाणू धरतो. जेवायला त्याच्या चुलीपाशी बसतो, त्याच्या शेजारी. देवासला परत येणार नाही, भावाला वेगळे कळवतो आहे. त्याला वाईट वाटेल, आणि सुटल्यासारखेही वाटेल. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्या शंका पाठवा. सगळ्या पाठवा. उत्तरे उशिरा येतील आणि काहींची मला येत नाहीत, ती तुकारामाला विचारीन. पूर्वी त्याला विचारले असते तर बरे झाले असते.

पत्र अर्ध्यावर ठेवतो. भरती लागली आहे आणि म्हातारा खालून हाका मारतो आहे, होडीला माणूस हवा आहे म्हणून. मी नसलो तर अडते, असे मला आजवर कोणी म्हटले नव्हते. जातो.

उमाशंकर